सायकलीचे उत्तरायुष्य

पावसाळ्याच्या तोंडावर पुष्कळ घरांत आवराआवर सुरू होते. जिन्याखालच्या अडगळीत किंवा परसातल्या पडवीत भिंतीला टेकून उभी असलेली जुनी सायकल अशा वेळी घरातल्या सर्वांच्या डोळ्यांत सलू लागते. तिच्या टायरांतील हवा कधीच गेलेली असते. साखळीवर तांबूस गंजाचा थर चढलेला असतो. खोगिराचे कातडे तडकलेले असते आणि चाकांच्या आऱ्यांमध्ये कोळ्यांनी जाळी विणलेली असतात. एके काळी हीच सायकल घरच्या कर्त्या पुरुषाला रोज वेळेवर कचेरीत पोचवीत असे. हिच्याच दांडीवर बसून धाकटी मुले शाळेला जात आणि हिच्याच कॅरिअरला दळणाचा डबा बांधला जाई. आता मात्र तिची कोणालाच आठवण नसते. रस्त्यावर भंगारवाल्याची आरोळी ऐकू येते. तो येतो, सायकल तराजूला लावतो, किलोच्या भावाने पैसे मोजतो आणि हातगाडीवर टाकून घेऊन जातो. अडगळ मोकळी झाली म्हणून घरातले लोक समाधानाचा निःश्वास टाकतात.

भंगारवाल्याच्या तराजूत काही खोट नसते. सायकलीत लोखंड किती आहे, हे तो बरोबर सांगतो. परंतु त्या लोखंडाला सायकलीचा आकार यावा म्हणून किती बुद्धी, किती श्रम आणि किती इंधन खर्ची पडले, ते तराजूला कळत नाही. प्रत्येक वस्तूत दोन गोष्टी एकत्र नांदत असतात. एक तिचे द्रव्य आणि दुसरी तिची घडण. मडक्याचे द्रव्य माती. तिला चाकावर कुंभाराने जो घाट दिला, ती त्याची घडण. मडके फुटले की माती उरते, पण घडण जाते. भंगाराच्या भावात पैसे मिळतात ते केवळ द्रव्याचे. घडण फुकट जाते.

आपल्या घरांतील जुन्या पिढीला हा भेद न शिकवता ठाऊक होता. लुगडे विरले म्हणून कोणी त्याचा पुन्हा कापूस करण्याच्या खटपटीला लागत नसे. प्रथम त्याला दंड घालून ते नेसण्याजोगे केले जाई. तेही टिकेनासे झाले म्हणजे त्याच्या धडक्या भागाची बाळाची दुपटी होत. उरलेल्या तुकड्यांची गोधडी शिवली जाई आणि अगदी शेवटच्या चिंध्या दिव्याच्या काकड्यांना उपयोगी पडत. वस्तूची घडण जितकी टिकवता येईल तितकी टिकवावी आणि ती मुळीच टिकेनाशी झाली, तरच द्रव्याकडे वळावे, असा हा क्रम होता. जुन्या सायकलीलाही हाच क्रम लावून पाहण्याजोगा आहे.

या क्रमातील पहिली पायरी दुरुस्तीची. ह्या बाबतीत सायकलीइतके गुणी यंत्र क्वचितच सापडेल. त्याचे कारण तिच्या इतिहासात आहे. जर्मनीतील कार्ल ड्राइस याने १८१७ साली दोन चाकांची एक लाकडी गाडी तयार केली. तिला पायडल नव्हते. बसणाऱ्याने पायांनी जमीन मागे रेटीत पुढे जायचे. पुढे पायडल आले, पुढचे चाक अवाढव्य झाले, मग पुन्हा लहान झाले. १८८५ साली इंग्लंडमधील जॉन केंप स्टार्ली याने दोन जवळजवळ सारखी चाके आणि मागच्या चाकाला गती देणारी साखळी असलेली सायकल लोकांपुढे आणली. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलप याने तिला हवा भरलेल्या धावा दिल्या. तेव्हापासून आजपर्यंत सायकलीचा मूळ घाट फारसा पालटलेला नाही. आजोबांच्या सायकलीचे अनेक भाग आजच्या दुकानातही मिळतात, ते यामुळेच. शिवाय हे भाग नट, बोल्ट आणि खिळींनी जोडलेले असतात. दोन-चार पाने आणि एक हातोडी एवढ्या सामग्रीवर सायकल सुटी करता येते आणि पुन्हा जोडता येते.

पुणे शहराला एके काळी सायकलींचे शहर म्हणत. त्या काळी जागोजागी तासाच्या भाड्याने सायकली मिळत. सायकलीवर कर असे आणि तो भरल्याची खूण म्हणून तिला बिल्ला लावावा लागे. रात्री दिव्यावाचून सायकल चालवली, तर पोलीस अडवीत. पुढे स्कूटर आणि मोटारसायकली वाढल्या आणि सायकलींची ती गर्दी ओसरली. त्यांतील कित्येक सायकली भंगारात गेल्या. परंतु काही अजूनही धडधाकट आहेत. विक्रम पेंडसे यांनी जुन्या सायकली जमवून त्यांचे एक संग्रहालय पुण्यातील कर्वेनगर भागात २०१७ साली सुरू केले. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली, घडी होणारी सायकलही या संग्रहात आहे. नीट सांभाळलेली सायकल माणसाहून अधिक जगते, हे अशा ठिकाणी प्रत्यक्ष दिसते.

सायकल म्हातारी होते म्हणजे नेमके काय होते? तिचा पहिला शत्रू गंज. लोखंड, हवेतील प्राणवायू आणि पाणी या तिघांचा संयोग झाला, की लोखंडाचा गंज बनतो. ॲल्युमिनियमवरही असा एक थर बसतो, परंतु तो घट्ट चिकटून राहतो आणि आतील धातूचे रक्षण करतो. लोखंडाचा गंज मात्र भुसभुशीत असतो. त्याचे पापुद्रे सुटतात, खालचे ताजे लोखंड उघडे पडते आणि तेही गंजू लागते. कोकणपट्टीत हवा दमट आणि खारट असते, म्हणून तेथे हे काम अधिक झपाट्याने चालते. सुदैवाने गंज बहुधा वरवरचा असतो. पॉलिश कागदाने तो खरवडून काढला, त्यावर अस्तराचा रंग आणि मग पक्का रंग दिला, की लोखंड पुन्हा सुरक्षित होते. कारागीर मात्र सांगाड्याच्या सांध्यांकडे बारकाईने पाहतो. तेथे चीर पडलेली असेल किंवा नळी गंजाने आतून पोखरली असेल, तर तो ती सायकल रस्त्यावर आणू देत नाही. भरधाव असताना सांगाडा मोडला, तर जिवावर बेतते.

दुसरा शत्रू धूळ. चाकाचा हब आणि त्याचा आस यांच्यामध्ये पोलादाचे वाटोळे छर्रे बसवलेले असतात. दोन पृष्ठभाग एकमेकांवर घासत गेले, तर घर्षण फार होते. त्यांच्यामध्ये गोल छर्रे असले, की घासण्याऐवजी लोळण्याची क्रिया होते आणि चाक हलके फिरते. या छर्ऱ्यांत वर्षानुवर्षांची धूळ शिरली आणि ग्रीस वाळून गेले, म्हणजे सायकल जड चालू लागते. मग मनुष्य म्हणतो, 'सायकल जुनी झाली.' वस्तुतः तिला हवी असते ती स्वच्छता. छर्रे काढून धुवावे, झिजलेले बदलावे, ताजे ग्रीस भरावे, की तेच चाक बोटाच्या धक्क्याने कितीतरी वेळ फिरत राहते.

तिसरी व्याधी म्हणजे चाक वाकडे होणे. बैलगाडीच्या चाकाचे लाकडी आरे खांबांसारखे असतात. गाडीचा भार खालच्या आऱ्यावर दाबाने पडतो, म्हणून ते जाड ठेवावे लागतात. सायकलीचे आरे जेमतेम दोन मिलिमीटर जाडीच्या तारा असतात. खांब म्हणून उभ्या केल्या, तर त्या क्षणात वाकतील. त्यांचे बळ ताणात आहे. तंबोऱ्याच्या तारांसारखे हे आरे हब आणि रिम यांच्यामध्ये ताणून बसवलेले असतात आणि चोहोबाजूंच्या त्या सारख्या ओढीमुळे चाक गोल व मजबूत राहते. जुन्या घाटाच्या सायकलीत पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० असे एकूण ७२ आरे असतात. मागच्या चाकावर भार अधिक म्हणून तेथे आरे अधिक. त्यांतील काही सैल झाले, की रिम एका बाजूला झुकते आणि चाक डुलू लागते. कारागीर चाक फिरवतो, रिम कोठे झुकते ते पाहतो आणि आऱ्यांच्या टोकांचे निपल थोडे आवळीत किंवा ढिले करीत चाक पुन्हा सरळ आणतो. यालाच सायकलीच्या दुकानात 'चाकाचा आउट काढणे' म्हणतात. या कामात नवे लोखंड गुंजभरही लागत नाही. लागते ती केवळ कारागिराची नजर आणि हाताचा अंदाज.

साखळी, ब्रेकचे रबर, टायर, ट्यूब हे भाग झिजण्यासाठीच असतात. ते वेळोवेळी बदलले, म्हणजे बाकीची सायकल टिकते. ट्यूब पंक्चर झाली, तर ती पाण्याच्या घमेल्यात बुडवतात. बुडबुडे निघतात ती जागा हेरून, घासून, सोल्युशन लावून तिच्यावर ठिगळ चिकटवतात. ब्रेकच्या बाबतीत मात्र काटकसर करू नये. जुनी सायकल नव्याने वापरात आणताना ब्रेक प्रथम तपासावे आणि रंगरंगोटी शेवटी करावी. अशा रीतीने थोड्या खर्चात उभी राहिलेली सायकल एखाद्या गरजू विद्यार्थ्याला मिळाली, तर त्याचे रोजचे दोन-तीन कोस चालणे वाचते. बिहार राज्यात २००६ साली शाळेत जाणाऱ्या मुलींना सायकली देण्याची योजना सुरू झाली आणि माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींची संख्या तिच्यामुळे वाढली, असे अभ्यासकांना आढळून आले. दूरच्या शाळेत जाऊ पाहणाऱ्या मुलीला सायकल म्हणजे शाळेचा रस्ताच मोकळा होणे. अशा वेळी अडगळीत गंजत पडलेल्या सायकलीचे मोल किलोच्या भावात कसे करता येईल?

परंतु प्रत्येक सायकल दुरुस्त होईलच असे नाही. सांगाडा मोडला असेल, तर ती सायकल म्हणून संपली. तरीही तिचे सर्व भाग काही एकदम संपत नाहीत. एकीची चाके चांगली असतात, दुसरीचा सांगाडा. कसबी कारागीर तीन मोडक्या सायकलींतून एक धड सायकल उभी करतो. पुण्यासारख्या शहरातील जुन्या बाजारात हँडल, पायडल, क्रँक, घंट्या, डायनामो असे सुटे भाग मांडून बसलेले विक्रेते दिसतात, ते या दुसऱ्या पायरीचे राखणदार होत. अशा वस्तू विकत घेताना ती चोरीची नाही ना, एवढी चौकशी मात्र अवश्य करावी. कारण एकाची गेलेली सायकल दुसऱ्याने स्वस्तात घेणे याला काटकसर म्हणत नाहीत.

तिसरी पायरी सर्वांत मनोवेधक आहे. येथे सायकल सायकल राहत नाही. ती दुसरेच काही होते. याचे एक उदाहरण आपल्या गल्लीत येते. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा कारागीर सायकल स्टँडवर उभी करतो, मागच्या चाकापासून सहाणेच्या लहान चाकापर्यंत पट्टा लावतो आणि खोगिरावर बसून पायडल मारू लागतो. मोठे चाक एकदा फिरले, की लहान सहाण अनेकदा फिरते आणि पात्यावरून ठिणग्या उडू लागतात. तीच सायकल त्याला एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत नेते आणि तीच त्याचे यंत्र होते.

मनुष्याच्या शरीरात सर्वांत बळकट स्नायू पायांचे असतात. सामान्य प्रकृतीचा मनुष्य पायडल मारून सुमारे ७५ वॅट इतकी शक्ती बराच वेळ देऊ शकतो. हाताने जाते किंवा चाक फिरवताना तो याहून पुष्कळ लवकर थकतो. मध्य अमेरिकेतील ग्वाटेमाला देशात सान आंद्रेस इत्सापा नावाचे एक गाव आहे. तेथील 'माया पेडाल' ही संस्था टाकून दिलेल्या सायकलींपासून विहिरीचे पाणी उपसणारे पंप, मका दळणारी जाती आणि कणसांचे दाणे सोडवणारी यंत्रे बनवते. ही यंत्रे चालवण्यास वीज लागत नाही आणि तेलही लागत नाही. ती बिघडली, तर गावातील सायकलीचा कारागीरच ती दुरुस्त करू शकतो.

महाराष्ट्रातील एका शेतकऱ्याने मात्र जुन्या सायकलीतून जे निर्माण केले, ते आपल्या मातीशी अधिक जवळचे आहे. त्याचे महत्त्व कळण्यासाठी कोळपणी म्हणजे काय, ते आधी ध्यानात घेतले पाहिजे.

पेरणी झाली, पाऊस पडला, की पिकाबरोबर तणही उगवते. ते पिकाच्या वाट्याचे पाणी, खत आणि ऊन बळकावते. पिकाच्या दोन ओळींमधील तण मुळासकट कापण्यासाठी तेथून कोळपे फिरवतात. कोळप्याची लोखंडी पास जमिनीच्या वरच्या थरातून सरकत जाते, तण कापते आणि माती भुसभुशीत करते. याचा आणखी एक लाभ होतो. पाऊस उघडल्यावर जमिनीवर कवच धरते आणि तिला भेगा पडू लागतात. त्या भेगांतून व मातीतील केसासारख्या बारीक वाटांतून खालची ओल वर चढते आणि वाऱ्यावर उडून जाते. कोळपणीने या वाटा तुटतात आणि सुट्या मातीचा थर पांघरुणासारखा पसरतो. त्यामुळे खालची ओल खालीच राहते. एक कोळपणी म्हणजे पिकाला निम्मे पाणी पाजणे, असे शेतकरी मानतात, त्याचे कारण हे आहे.

परंतु कोळपणी वाटेल तेव्हा करता येत नाही. चिखलात कोळपे चालत नाही आणि जमीन कडक झाली, तर पास आत शिरत नाही. मधल्या काळात माती ओलसर पण मोकळी असते. त्या स्थितीला वाफसा म्हणतात. वाफसा टिकतो थोडेच दिवस. त्या दिवसांत गावातील प्रत्येकाला बैल हवे असतात. ज्याच्या दावणीला बैलजोडी आहे, त्याचे निभते. दोन-तीन एकरांच्या कोरडवाहू धन्याला बैल पोसणे परवडत नाही. तो दुसऱ्याच्या बैलांसाठी खोळंबून राहतो. त्याची पाळी येईपर्यंत वाफसा गेलेला असतो, नाहीतर पुन्हा पाऊस लागलेला असतो, आणि तण कमरेएवढे होते. वर्षभराचे पीक असे चार दिवसांच्या विलंबाने हातचे जाते.

जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णी येथील गोपाळ मल्हारी भिसे हे अशाच अडचणीत सापडलेले शेतकरी. बैल घेण्याची त्यांची ऐपत नव्हती. एकदा सायकलीवरून जड ओझे नेणारा मनुष्य त्यांच्या दृष्टीस पडला. सायकलीवर एवढे ओझे एकटा मनुष्य नेऊ शकतो, तर तिचेच चाक शेतात का चालू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यांनी सायकलीचे पुढचे चाक, त्याला धरणारा चिमटा आणि हँडल एवढे भाग घेतले आणि चाकाच्या मागे कोळप्याची पास जोडली. हँडलचे रुमणे झाले. बैलांवाचून एकट्या माणसाने पुढे ढकलीत न्यायचे सायकल-कोळपे असे तयार झाले. देशभरातील सामान्य लोकांच्या कल्पक शोधांची दखल घेणाऱ्या राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानाने या कोळप्याची नोंद घेतली आणि पुढे महाराष्ट्रात गावोगावी अशी कोळपी दिसू लागली.

या अवजाराची रचना साधी असली, तरी तिच्यात युक्ती आहे. चाकावाचून पास ढकलावयाची म्हटली, तर ढकलणाऱ्याला तिचा तोलही सांभाळावा लागेल आणि ती कधी मातीत खोल रुतेल, तर कधी वरच्यावर घसरेल. पुढे चाक असले, म्हणजे ते अवजाराचा भार पेलते आणि पास ठरावीक खोलीवर ठेवते. चाकाचा व्यास मोठा असल्यामुळे ते ढेकळांत अडकत नाही. लहान चाक ज्या ढेकळाला थडकून थांबते, त्यावरून मोठे चाक सहज चढून जाते. चाक अरुंद असल्याने ते दोन ओळींमधून पिकाला धक्का न लावता निघते. वजन थोडे असल्यामुळे शेताच्या टोकाला ते उचलून वळवता येते. बैलांना वळण्यासाठी जशी मोकळी जागा ठेवावी लागते, तशी येथे लागत नाही. या कोळप्यामुळे कष्ट नाहीसे होत नाहीत. उन्हात दिवसभर ते ढकलणाऱ्याचे खांदे भरून येतात. परंतु कोणाची वाट न पाहता, वाफसा साधून, आपले शेत आपण कोळपता येते, हा त्याचा खरा लाभ होय.

भंगारवाल्याच्या तराजूत त्या पुढच्या चाकाला काय किंमत आली असती? दोन-तीन किलो लोखंडाची. शेंदुर्णीच्या शेतकऱ्याने मात्र त्या लोखंडाबरोबर त्याची घडणही जमेस धरली. ७२ पैकी ३२ ताणलेले आरे, छर्ऱ्यांवर हलके फिरणारा हब, अचूक गोल रिम, हे सारे त्याला आयते मिळाले. दुसऱ्या कोणीतरी पूर्वी केलेले श्रम त्याने वाया जाऊ दिले नाहीत.

सायकलीचे रबरही असेच निरनिराळ्या मार्गांनी उपयोगी पडते. फाटलेल्या ट्यूबच्या पट्ट्या कापून कॅरिअरवर ओझी बांधतात आणि तिच्याच तुकड्यांची ठिगळे दुसऱ्या ट्यूबला लागतात. टायर काठीने पळवीत धावणारी मुले तर कोणत्याही खेड्यात दिसतील. परंतु रबराची एक मर्यादा आहे. कच्चे रबर उष्णतेने चिकट आणि थंडीने ठिसूळ होते. १८३९ साली अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर याला असे आढळले, की रबर गंधकाबरोबर तापवले असता ते टिकाऊ व लवचीक बनते. गंधकामुळे रबराचे लांब रेणू एकमेकांना जागोजागी बांधले जातात. तीच गाठ पुढे सुटता सुटत नाही. म्हणून टायर लोखंडासारखा वितळवून पुन्हा नवा ओतता येत नाही. त्याचा भुगा करून तो पायपुसण्यात किंवा रस्त्याच्या डांबरात मिसळता येतो. टायर जाळणे मात्र सर्वथा वाईट. त्याचा काळा धूर विषारी असतो. शेकोटीत किंवा होळीत टायर टाकण्याची खोड ज्यांना असेल, त्यांनी ती सोडून दिली पाहिजे.

आता उरली शेवटची पायरी. जे दुरुस्त होत नाही, ज्याचे सुटे भाग कोणाला नकोत आणि ज्याचे दुसरे अवजार करता येत नाही, असे लोखंड भट्टीकडे जाते. मराठवाड्यातील जालना शहर अशा पोलादाच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे. भंगाराच्या राशी तेथे विद्युत्‌भट्ट्यांत वितळवल्या जातात. या भट्टीभोवती तांब्याचे वेटोळे असते. त्यातून विशिष्ट प्रकारचा विद्युत्प्रवाह सोडला, की भट्टीतील लोखंडातही प्रवाह उत्पन्न होतात आणि ते आतूनच तापू लागते. शुद्ध लोखंड १५३८ अंश सेल्सिअसला वितळते. पांढरट पिवळ्या तेजाने झळाळणारा तो रस साच्यांत ओतून त्याच्या लांबट विटा करतात आणि त्या लालबुंद असतानाच रुळांमधून दाबून काढून सळया बनवतात. कोणाच्या घराच्या छतात, कोणा पुलाच्या खांबात एखाद्या जुन्या सायकलीचे लोखंड आज उभे असेल!

लोखंडाचा हा गुण असामान्य आहे. ते कितीही वेळा वितळवले, तरी पुन्हा पोलाद म्हणून उभे राहते आणि लोहचुंबकामुळे कचऱ्यातून त्याला वेगळे काढणेही सोपे जाते. एक टन पोलाद भंगारापासून बनवले, तर सुमारे १,४०० किलो लोहखनिज, ७४० किलो दगडी कोळसा आणि १२० किलो चुनखडी वाचते. एका जुन्या सायकलीत १८ किलो पोलाद धरले, तर तिच्यापुरता हिशेब असा होतो : सुमारे २५ किलो खनिज, १३ किलो कोळसा आणि दोन किलो चुनखडी. तेवढा डोंगर खणावा लागत नाही आणि तेवढा धूर आकाशात जात नाही. म्हणून अडगळीत कुजत पडण्यापेक्षा भट्टीत जाणे केव्हाही श्रेयस्कर. भंगारवाल्याला हिणवण्याचे तर काहीच कारण नाही. दारोदार फिरून तो लोखंडाचा हा कण अन् कण गोळा करतो, म्हणूनच ते मातीत जात नाही.

तरीही वितळवणे ही शेवटचीच पायरी समजली पाहिजे. भट्टीला वीज लागते आणि ती पुष्कळ लागते. शिवाय भट्टीत गेलेल्या चाकाचे चाकपण उरत नाही. ज्या सायकलीला छटाकभर ग्रीस आणि एक नवी ट्यूब पुरली असती, तिचे लोखंड वितळवून त्याचीच पुन्हा सायकल करणे, हे धडक्या लुगड्याचा कापूस करण्यासारखे होईल.

पावसाळ्याच्या तोंडावर पुन्हा आवराआवर होईल आणि जिन्याखालची सायकल पुन्हा सर्वांच्या नजरेस पडेल. तेव्हा तिला तराजूला लावण्यापूर्वी तिचे पुढचे चाक जमिनीपासून जरा उचलावे आणि हाताने फिरवून पाहावे. ते कुरकुरत का होईना, पण फिरले, तर तिच्यात अजून बरेच आयुष्य शिल्लक आहे असे समजावे. ते कोणाच्या शाळेच्या वाटेवर खर्च व्हावे, की कोणाच्या शेतात पिकाच्या दोन ओळींमधून, एवढेच मग ठरवायचे राहते.